शिलाईच्या खोलीतली आर्टरी

‘शासकीय शल्यसाधन अनधिकृतपणे स्वतःच्या ताब्यात ठेवल्याचे आढळून आले.’ हे वाक्य माझ्याबद्दल लिहिलेलं आहे. एकतीस वर्षं मी नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात शिंपी म्हणून नोकरी केली, आणि निवृत्तीला चार महिने उरले असताना शिपायानं हा कागद आणून माझ्या मशीनवर ठेवला. शल्यसाधन म्हणजे काय, तर तोंड वाकडं झालेली एक आर्टरी. ताबा म्हणजे काय, तर माझ्या मशीनचा खण. आजही ते वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात, आणि ती तापू नयेत असं मला मुळीच वाटत नाही.

आर्टरी हा ऑपरेशनच्या वेळी वाहती नस दाबून धरायचा चिमटा. दिसतो कात्रीसारखा, पण त्याला धार नसते. टोकं बारीक, आत खाचा, आणि मुठीपाशी दाते. ते दाते एकात एक अडकले की हात सोडला तरी पकड सुटत नाही. शिंप्याला याचं काय काम, असं तुम्हालाही वाटलं असेल. वाटू द्या. तुम्ही निदान माझी चौकशी करायला बसलेला नाहीत.

आमची शिलाईची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याला लागून होती. चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे कपडे, ऑपरेशन थिएटरचे गाऊन, मधोमध भोक असलेली हिरवी कापडं, सगळं तिथंच शिवलं जायचं. सरकारकडून मिळायचं ते मशीन, कात्री, टेप आणि दोरा. बाकी ज्याची त्यानं अक्कल लढवायची. मी लढवली. दोऱ्याचे मोठे कोन ठेवायला मोडक्या चाकाचा सलाईनचा स्टँड घेतला. त्याच्या आकड्यातून दोरा खाली आला की गुंता होत नसे. गळ्याचे आणि खिशाचे आकार कापायला जुन्या एक्स-रे फिल्म वापरल्या. कागदाचा आकार महिनाभरात फाटतो, फिल्म वर्षानुवर्षं टिकते. माझ्या खिशाच्या आकारावर कोणाच्या तरी बरगड्या होत्या. कॉलरचं टोक कात्रीनं बाहेर काढलं तर हमखास भोक पडतं, म्हणून मी घसा बघायची लाकडी पट्टी घेत असे. रेग्झिनच्या गादीखोळीला टाचणी लावली तर भोक कायमचं राहतं, तिथं फायलीचे काळे क्लिप. पायजाम्यात नाडी ओवायला नवऱ्याच्या सायकलचा आरा. आणि फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक मी रोज संध्याकाळी शिवून झालेल्या प्रत्येक गाऊनवरून फिरवायची, कारण मोडलेल्या सुईचा तुकडा शिवणीत राहिला तर तो कोणाच्या अंगात जाईल याचा नेम नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं.

आता बंदांचं सांगते, कारण सगळं रामायण त्या बंदांवरूनच झालं. गाऊन मागून बांधायला चार बंद लागतात. आधी तयार फीत यायची. ती पाण्याच्या वाफेत दहादा शिजली की तिच्या कडा उसवायच्या आणि धागे गळायचे. उघड्या पोटावर वाकलेल्या डॉक्टरच्या गाऊनचा धागा गळून चालत नाही. म्हणून मी कापडाची अरुंद पट्टी उलटी दुमडून शिवायची आणि मग ती नळी सुलटी करायची, म्हणजे कडा आत जातात आणि बाहेर एकही सुटा धागा राहत नाही. पण बोटभरही रुंदी नसलेली हातभर लांब नळी सुलटी करणं म्हणजे काय, ते जिनं केलं तिलाच ठाऊक. सुईला दोरा बांधायचा, सुई आतून सरकवायची, मध्येच ती कापडात शिरते, मग सगळं परत. एका गाऊनचे चार बंद होईतो नखं दुखायला लागत.

थिएटरच्या इन्चार्ज सिस्टरनं एकदा मला हे करताना पाहिलं. आम्ही दोघींनी वीस वर्षं डबा सोबत खाल्लेला. त्यांची वांग्याची भाजी माझ्या डब्यात आणि माझं भरीत त्यांच्या डब्यात, असा हिशेब होता. “काय करून राहिली वं?” त्या म्हणाल्या. “बोटं सोलून घेशील अशानं.” दुसऱ्या दिवशी जेवायला आल्या तेव्हा एप्रनच्या खिशातून त्यांनी आर्टरी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. “घे. टोक वाकलं हिचं, नस धरत नाही आता. भंगारात जाऊन राहिली होती. तुह्या कामी येईन.”

आली कामी. नळीत आर्टरी घालायची, मोजा चढवतो तशी सगळी नळी तिच्यावर गोळा करायची, पलीकडचं टोक पकडायचं, दाते अडकवायचे आणि ओढायचं. नळी अशी सुलटी होते की बघत राहावं. ज्या कामाला अर्धा तास जायचा ते हसतखेळत व्हायला लागलं. मी त्याच दिवशी मुलीची नेलपॉलिश आणून आर्टरीच्या मुठीवर लाल पट्टा ओढला. गाऊनच्या गठ्ठ्यातून ही चुकून थिएटरमध्ये गेली आणि कोणी तिच्या भरवशावर नस धरली तर पेशंट जीवानिशी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चिठ्ठी वगैरे मागायचं मला सुचलं नाही. सोबत जेवणाऱ्या बाईकडून वस्तू घेताना पावती कोण मागतं?

अकरा वर्षं ती आर्टरी माझ्या खणात होती. सिस्टर निवृत्त झाल्या. मग भांडाराला नवे साहेब आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर कायम आठी. त्यांनी सगळ्या विभागांची तपासणी काढली. माझ्या खोलीत ते नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत आले, कूलर नुसती गरम हवा फेकत होता, आणि साहेबांना आधीच घाम फुटलेला. त्यांनी खण ओढला. फिल्म बाहेर काढल्या, पट्ट्या काढल्या, लोहचुंबक हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मग आर्टरी. “हे इथे कसं?”

मी सांगितलं. बंद कसे सुलटे करते ते सांगितलं, लाल पट्टा कशासाठी तेही सांगितलं. फक्त कोणी दिली ते बोलले नाही. म्हटलं, निवृत्त बाईला विचारल्याशिवाय तिचं नाव कशाला घ्या. साहेब ऐकत होते की नाही देव जाणे. चार दिवसांनी मेमो आला. त्यात लाल पट्ट्याचा उल्लेख होता: ‘साधनावर वैयक्तिक खूण केल्याचे दिसून येते.’ पेशंट मरू नये म्हणून ओढलेला पट्टा माझ्या चोरीचा पुरावा झाला! आणि शेवटी ओळ होती की शिवणकामात अशा साधनाचा उपयोग संभवत नसल्याने हेतूबाबत संशय निर्माण होतो. संभवत नाही! यांनी जन्मात कधी पडलेलं बटण लावलं नसेल, आणि शिवणकामात काय संभवतं ते हे मला सांगणार.

लोकांना वाटतं, मेमोला काय घाबरायचं. माझी भीती वेगळी होती. आम्ही लहानपणापासून विहारात पंचशील म्हणत आलो. न दिलेली वस्तू उचलणार नाही, हे मी वाचायला शिकण्याआधी तोंडपाठ म्हणत होते. माझ्या आईनं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ती परकरी पोर होती, आणि त्या एका शीलावर तिनं आम्हा चौघा भावंडांना असं घोटलं की शेजारच्या झाडाखाली पडलेला पेरूसुद्धा आम्ही विचारून उचलायचो. एकतीस वर्षांची माझी सर्व्हिस बुक कोरी होती. तिच्या शेवटच्या पानावर आता चोरीचा वास असलेली ओळ पडणार होती. ती वस्तू दिलेली होती, एवढं एका माणसानं सांगितलं असतं तर संपलं असतं.

ते माणूस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जरीपटक्यात राहत होतं. मी रविवारी दोन ऑटो बदलून गेले. सिस्टरनं प्रेमानं बसवलं, चहा ठेवला, सुनेला फरसाण आणायला सांगितलं. मी मेमो दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि घडी करून परत दिला.

“माह्यं नाव नको घेजो वं,” त्या म्हणाल्या.

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, “सिस्टर, तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या. भंगारातली होती, कामासाठी दिली.”

“माह्ये पेन्शनचे कागद अजून वर अडकून आहेत. एवढं कारण भेटलं तं वर्षभर बसवतीन मले. तुले काय वं, चार महिन्यानं मोकळी होशील. लागली एखादी ताकीद तं त्यानं काय होते?”

चहा आला. मी प्यायले, कारण सून समोर उभी होती. त्या चहाची चव मला आजही सांगता येणार नाही. घरी आले तर नवरा वाट बघत होता. त्याला सगळं सांगितलं. तो भडकला. “मग नाव घे नं सरळ! काहून तू तिच्यासाठी मरून राहिली?” त्याचं बरोबर होतं. पण माझंही डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, नाही घेणार. याला कोणी मोठेपणा म्हणू नये, तो निव्वळ संताप होता. तिनं दिली, तर तिनं सांगावं. तिच्या तोंडचे शब्द मी का माझ्या तोंडानं ओकू?

चौकशीच्या दिवशी मला अकराला बोलावलं आणि साडेबारापर्यंत बाकावर बसवून ठेवलं. आत आलूबोंडे गेले, चहा गेला, रिकाम्या बशा बाहेर आल्या, मग मला बोलावलं. टेबलामागे तिघं होते: कार्यालयातले एक अधीक्षक, एक मोठे सर्जन, आणि भांडाराचे साहेब स्वतः. ज्यानं आरोप केला तोच न्याय द्यायला बसलेला. वा रे वा. माझी आर्टरी टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती, खून झालेल्या घरातला चाकू ठेवतात तशी.

“शिवणकामात याचा उपयोग काय?” साहेबांनी विचारलं.

मला माहीत होतं हेच विचारतील. मी पिशवीत पाच-सहा शिवलेल्या नळ्या आणल्या होत्या. म्हटलं, “साहेब, द्या इकडे.” एक बंद सुईनं सुलटा करायला घेतला, सुई वीतभर गेल्यावर तो बाजूला ठेवला आणि दुसरा आर्टरीनं घेतला. जेवढ्या वेळात सुई वीतभरच गेली होती, त्याच्या आतच आर्टरीचा बंद पुरा करून मी त्यांच्यापुढे ठेवला. अधीक्षक पुढे वाकले. सर्जन म्हणाले, “परत करा.” परत केलं. मग ते म्हणाले, “मी बघतो.”

त्यांनी नळी चढवली, टोक पकडलं आणि जोरात ओढलं. टोक फाटून हातात आलं.

“हळू डॉक्टर,” मी म्हटलं. “पेशंट आहे समजा.”

अधीक्षक हसले, सर्जनही हसले. दुसऱ्या खेपेला त्यांना जमलं. सुलटा झालेला बंद बोटाला गुंडाळत ते म्हणाले की एवढी वर्षं हे गाऊन घालतो, पण बंदाचा धागा कधी का गळत नाही हा विचार कधी मनात आला नाही. मग त्यांनी माझ्या पिशवीतल्या फिल्म बघितल्या, लोहचुंबक कशाला ते विचारलं, आणि सुईच्या तुकड्याचं ऐकल्यावर ते स्वतःच्या बाहीवरून फिरवून पाहिलं. मला वाटलं, सुटले मी. खोटं कशाला सांगू, त्या दहा मिनिटांत मला अभिमानसुद्धा वाटला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी मोठ्या माणसानं माझं काम बसून पाहिलं होतं.

भांडाराचे साहेब मात्र पेन्सिल वाजवत होते. “ते ठीक आहे. उपयोग आहे हे मान्य. पण ही तुम्हाला दिली कोणी?”

मी उरलेल्या नळ्या पिशवीत भरायला लागले.

“कोणी दिली, की स्वतः उचलली? दोनच शक्यता आहेत.”

“उचलली नाही,” मी म्हटलं.

“मग नाव सांगा.”

सर्जन माझ्याकडे बघत होते. त्यांना बहुतेक अंदाज होता, कारण सिस्टर त्यांच्याच थिएटरच्या इन्चार्ज होत्या. ते एक शब्द बोलले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, “सांगून टाका ना बाई, विषय संपेल.” म्हणजे पुन्हा मीच सांगायचं. सगळ्या जगाला माहीत आहे, पण तोंड उघडायचं ते वर्ग चारच्या बाईनं. मी म्हटलं, “दिलेली वस्तू आहे साहेब, एवढंच लिहा.”

त्यांनी ते लिहिलं नाही. आठवड्यानं निर्णय आला. साधन उपयुक्त असल्याचे प्रात्यक्षिकातून दिसून आले, तथापि ते कोणत्या मार्गाने प्राप्त झाले याचा समाधानकारक खुलासा झाला नाही, सबब सक्त ताकीद, सेवापुस्तकात नोंद. मला भांडारात जाऊन सही करायला लावली. माझ्या समोर साहेबांनी आर्टरी पिशवीतून काढली, डोळ्यापुढे धरली आणि शिपायाला म्हणाले, “ही तर वाकडी आहे, कशाच्याच कामाची नाही. टाक भंगारात.” शिपायानं ती पोत्यात टाकली. अकरा वर्षांपूर्वी ती तिथंच चालली होती! एवढ्यासाठी तीन माणसं बसली, आलूबोंडे झाले, आणि माझ्या नावावर डाग पडला. मी तिथं काही बोलले नाही याचा मला आजही राग येतो.

निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने मी सुईनं बंद सुलटे केले. तुम्ही म्हणाल, बाजारातून आर्टरी विकत का नाही आणली? आणली असती. पण ती खणात दिसली की दुसरा मेमो. धागे गळणारे बंद मात्र मी एकही दिला नाही. राग साहेबांवर होता, टेबलावर झोपवलेल्या पेशंटवर नव्हता.

निवृत्तीनंतर मनीषनगरच्या घरी पुढच्या खोलीत मशीन मांडलं. ओळखीच्या बायकांचे ब्लाऊज शिवते. माझे कागद वेळेवर निघाले. त्या साहेबांची बदली झाली असं ऐकलं. मीही हळूहळू निवत चालले होते. मग एका दुपारी दारात ऑटो थांबला आणि सिस्टर उतरल्या. हातात पेढ्यांचा डबा आणि कापडाची पिशवी.

त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. धाकट्याचं. बसल्या, पाणी प्यायल्या, माझ्या घराचं कौतुक केलं, आपले कागद निघाले तेही सांगितलं. मेमोचा विषय काढतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी पिशवीतून मोरपंखी ब्लाऊजपीस काढला.

“मांगून खोल गळा नको, वय झालं आता. पण नाडी लाव वं बारीक, सुतळीवानी. बाजारातली नको मले, तू करते तशी पाहिजे. आर्टरी आहे नं तुह्यापाशी?”

मला वाटलं, गंमत करत आहेत. चेहऱ्याकडे पाहिलं. गंमत नव्हती.

“ती जमा झाली, सिस्टर. भंगारात टाकली माह्या समोर.”

“अशी का? मग टेन्शन नको घेऊ. थिएटरमधल्या पोरीले फोन करून देतो, ती देईन एखादी काढून.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग म्हटलं, “सिस्टर, घरात आपण दोघीच आहो. तुमचे कागद निघाले, माह्येही निघाले. आता कोणाचं काही अडून नाही राहिलं. एक डाव म्हणा, का ती आर्टरी तुम्ही मले देल्ली होती.”

सिस्टरनं आधी दाराकडे पाहिलं. बाहेर नवरा कुंड्यांना पाणी घालत होता.

“हळू बोल नं वं,” त्या म्हणाल्या. “झालं ते झालं. कोण लक्षात ठेवते आता? माप घे.”

“मी ठेवते. म्हणा नं. बस एक डाव.”

त्या बराच वेळ पीसच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं, म्हणतील. खरंच वाटलं, आणि म्हटलं असतं तर मी तो ब्लाऊज रात्रंदिवस बसून, एक पैसा न घेता शिवला असता. त्यांनी पीसची घडी केली, पिशवीत टाकली, पेढ्यांचा डबा टेबलावर तसाच ठेवून चपला घातल्या.

“शिलाईवाल्या काही कमी नाहीत नागपुरात,” त्या म्हणाल्या.

खरं आहे, कमी नाहीत. पण माझ्यावरचा डाग पुसू शकणारी बाई साऱ्या नागपुरात एकच होती, आणि ती ऑटोवाल्याला हाक मारत पायऱ्या उतरून गेली.